भोंगा बंद, साचा चालू

आमच्या काळाचौकीच्या चाळीत आजाऱ्याला बघायला जायची एक ठरलेली रीत होती. हातात दोन मोसंबी घ्यायची, उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून आजाऱ्याचा चेहरा नीट न्याहाळायचा आणि मोठ्यानं विचारायचं, "काय, ओळखलंत का मला?" ओळखलं, तर "छे, काही झालेलं नाही, उद्या उठून बसतील." नाही ओळखलं, तर बाहेर गॅलरीत जाऊन हलक्या आवाजात, "काही खरं नाही." माणूस तापानं पडलेला असो की पाय मोडून, त्याचं पास-नापास या एका प्रश्नावर ठरायचं.

बाबांची ही परीक्षा घ्यायला सगळी चाळ लोटली होती, आणि मुख्य परीक्षक मी होतो.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो आणि उरलेल्या वेळात चळवळीचा स्वयंसेवक. स्वयंसेवक म्हणजे काय, तर सभेत भाषणं दुसरे करायचे आणि "सभा आहे हो, सभा!" असं ओरडत लालबागपासून करी रोडपर्यंत मी फिरायचो. त्यासाठी मला पत्र्याचा एक कर्णा मिळाला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून मी तो दाराशीच टांगून ठेवी. माझ्या बुद्धीबद्दल चाळीत दोन मतं होती, आवाजाबद्दल एकच.

बाबा गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणाईत, साचे चालवून निवृत्त झालेले. आमच्याकडे मागाला साचा म्हणत. नोकरी संपली तरी बाबांचा दिवस भोंग्यावरच चाले. सकाळच्या भोंग्याला उठायचं, त्याच्या पुढच्याला चहा, दुपारच्या पाळीच्या भोंग्याला जेवून आडवं व्हायचं. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते शोभेला. भोंगा झाला की बाबा स्टुलावर चढून त्या घड्याळाचे कान पिळून ते ताळ्यावर आणत.

मग हरताळ पडला, गिरण्या थांबल्या आणि भोंगाही थांबला. मला कोण आनंद! मी गॅलरीतून आत वाकून म्हटलं, "ऐकलंत बाबा? भांडवलदाराचा घसा बसला!"

बाबा म्हणाले, "मगे जेवचा कधी?"

आमचं घर मालवणकडचं. मी कचेरीत जाऊन पुस्तकी बोलायला शिकलो होतो, पण आईबाबांनी गावची बोली सोडली नव्हती. बाबांचा तो प्रश्न मी दिवसभर चाळीत विनोद म्हणून सांगत फिरलो. तो विनोद नव्हता, हे कळायला मला एक अख्खी डॉक्टरीणबाई लागली.

त्यात काका आमच्याकडे अडकले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. राहायला गिरगावात, एका पेढीवर कामाला. बंद गळ्याचा काळा कोट घातल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. सहज दादाला भेटायला म्हणून आले आणि संचारबंदी पुकारली गेली. दिवसा थोडा वेळ ती उठे, पण तेवढ्यात भायखळा ओलांडून गिरगाव गाठायची काकांची छाती नव्हती. तेव्हा कोट बाबांच्या खाटेसमोरच्या खुंटीवर टांगलेला आणि काका माझ्या पायजम्यात, असा मुक्काम पडला. पायजमा त्यांना घोट्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. त्याचा दोष ते मला देत.

बाबांना बारीक ताप आला. दुपारपर्यंत माणूस शुद्धीत होता. बोंबील तळताना रवा लावावा की तांदळाचं पीठ, यावरून आईशी भांडलासुद्धा. आणि दिवेलागणीला आईनं कपाळावर हात ठेवला, तर तिच्याकडे बघून म्हणतो, "तू कोणाची गो?"

आईच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

त्यानंतर बाबा जे सुटले! समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून "तो बघ, तो उभो हा" म्हणत अंग चोरून घ्यायचे. मग एकदम उठून बसायचे आणि "धागो तुटलो! साचो थांबव रे, साचो थांबव!" असं ओरडायचे. सकाळी बरेचसे शांत, जरा माणसात. संध्याकाळ झाली की पुन्हा सुरू. मधल्या वेळात पांघरुणावर बोटं चालायची, काहीतरी चिमटीत धरून पिळल्यासारखी. समोरच्या खोलीतली मावशी ते बघून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. पांघरूण चाचपणारा माणूस परत येत नाही, अशी तिची माहिती. ही माहिती तिनं गॅलरीभर वाटली.

आता घरात एकटा इंग्रजी शिकलेला मी. तेव्हा सूत्रं मी हातात घेतली.

पहिलं काम, बाबांचा चष्मा आणि कवळी ट्रंकेत बंद केली. झटापटीत फुटू नये म्हणून. दुसरं, खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली. बाहेर दगडफेक चालायची आणि आजाऱ्याला अंधारात विश्रांती मिळते असं मी कुठंतरी वाचलं होतं. तिसरं, कचेरीतल्या एका सोबत्यानं त्याच्या सासूसाठी आणलेलं झोपेचं औषध मागे माझ्याकडे राहिलं होतं, ते चमच्यानं पाजलं. सासू त्यावर छान झोपत असे म्हणे. बाबा झोपले नाहीत, फक्त त्यांचं बोलणं जड झालं, म्हणून मी आणखी एक चमचा पाजला.

आणि चौथं म्हणजे परीक्षा. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

"बाबा, मी कोण?"

बाबा बघत राहायचे.

"आज वार कोणता?"

"पगाराचो."

"बरं, हे तरी सांगा. मुंबई कुणाची?"

हा प्रश्न मी मुद्दाम ठेवला होता. त्या दिवसांत गल्लीतलं शेंबडं पोरही या प्रश्नाला झोपेतून उठून "आमची!" म्हणायचं. बाबांनी क्षणभर विचार केला आणि स्पष्ट सांगितलं, "शेटची."

मी कपाळाला हात लावला. माझ्या घरात, माझ्या बापानं! "गेले," मी काकांना म्हटलं, "पार गेले."

काका म्हणाले, "मला तर हेच एक उत्तर बरोबर वाटलं."

पण काकाही धास्तावले होते. संध्याकाळी बाबा खाटेवरून उतरून दाराकडे निघाले. मी आडवा गेलो तर त्यांनी मला "बाजूक हो, पाळी चुकतली" म्हणून ढकललं. मी सरळ खुंटीवर जाऊन आदळलो. काकांनी पंचा घेतला आणि बाबांचे हात खाटेला बांधले. बांधून झाल्यावर ते आईसमोर पाटावर बसले.

"वहिनी, मन घट्ट करा. दादाला वेड लागलंय. हरताळ उठला, भोंगा वाजला, की मी पहिल्या झटक्यात त्याला ठाण्याला घेऊन जातो. तिथे माझ्या ओळखीचा एक माणूस आहे."

ठाण्याला म्हणजे कुठं, हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या एका चुलत आत्याला तरुणपणी ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवलं होतं. पुढे घरात तिचा विषय निघाला की मोठी माणसं दुसरंच काही बोलू लागत.

आईनं उठून पंच्याची गाठ थोडी सैल केली. आणि मी, हरताळाचा कर्णेवाला, त्या संध्याकाळी पहिल्यांदा वेगळ्याच कारणासाठी मनात म्हटलं, हरताळ लांबू दे.

दुसऱ्या दिवशी आईनं कुणालाही न विचारता मागच्या जिन्यानं जाऊन डॉक्टरीणबाईंना आणलं. पलीकडच्या चाळीत तळमजल्यावर त्यांचा दवाखाना होता. पांढरं पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात फुगलेली बॅग. आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न बाबांना नाही, आम्हाला विचारला.

"हे असं कधीपासून?"

"झालं, हरताळ पडल्यापासून," काका म्हणाले. "वेड लागलंय."

"त्याच्या आदल्या आठवड्यात कसे होते?"

"आदल्या आठवड्यात? बरे होते मां. रोज माझ्याशी भांडत," आई म्हणाली.

"आणि आता दिवसभर एकसारखे असतात, की कमीजास्त?"

आईनं सांगितलं: सकाळी बरे, संध्याकाळी वाईट, मध्येच घटकाभर अगदी शहाण्यासारखे.

बाईंनी नाडी बघितली, जीभ बघितली, ओटीपोट दाबलं. बाबा कळवळले. "लघवीला कसं होतं? पाणी किती पितात?"

इथं आम्ही पुरुष एकमेकांकडे बघू लागलो. आईला ठाऊक होतं. संडास खाली चौकाच्या टोकाला, चौकाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी. बाबांना पोलिसांसमोरून टमरेल घेऊन जायची लाज वाटे आणि भीतीही. म्हणून त्यांनी पाणी पिणंच सोडलं होतं. चहासुद्धा अर्धा ठेवायचे. जळजळ होते असंही म्हणाले होते, पण आईला, कानात.

"हे वेड नाही," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे वात झाला म्हणतात, तो हा. लघवीत दोष झालाय, ताप आहे, अंगातलं पाणी आटलंय. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू अशा वेळी गडबडतो. वेड असं दुपारपर्यंत नसताना संध्याकाळी अचानक येत नाही, आणि सकाळी सुट्टीवर जात नाही. मूळ दुखणं बरं झालं की हे बहुतेक निवळेल. पण एका दिवसात नाही. चढउतार होणार. तोवर तुम्ही त्यांना आणखी घाबरवू नका, एवढं जमेल का?"

मग त्यांचं लक्ष बाटलीकडे गेलं. वास घेतला. "हे कुणी दिलं?"

काकांनी छताकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे.

"सासूचं आहे," मी म्हणालो.

"तुमच्या?"

"नाही, माझं लग्न व्हायचंय."

बाईंनी बाटली मोरीत उपडी केली. "आणि हे चष्मा नाही लावत?"

"लावतात. पण मी ट्रंकेत ठेवलाय. फुटू नये म्हणून."

"तुम्हालाही आहे वाटतं चष्मा. काढा. द्या इकडे. आता या खाटेवर आडवे व्हा, त्यांच्या शेजारी. होय, आत्ता."

मी आडवा झालो. बाबांनी थोडं सरकून जागा दिली, हे मला उगाचच लक्षात राहिलंय. खिडकी वर्तमानपत्रांनी अंधारलेली. सगळं धूसर.

"समोर काय दिसतंय?"

"काका उभे आहेत," मी म्हणालो.

"मी इथं दाराशी आहे रे," दारातून काकांचा आवाज आला.

मी पुन्हा डोळे बारीक करून पाहिलं. खांदे, हात, काळा गळा, डोकं नसलेला एक उंच माणूस भिंतीला टेकून उभा. मीही अंग चोरून घेतलं, खोटं कशाला सांगू? तो काकांचा कोट होता.

शेजारून बाबा कुजबुजले, "दिसलो मां तुका? मास्तर तो. साळखात्याचो. धागो तुटलो काय येता." त्यांच्या आवाजात केवढी सुटका होती! इतके दिवस सगळे "तिथं कुणी नाही, कुणी नाही" म्हणून ओरडत होते, आणि अखेर घरातल्या एका तरी माणसाला तो मास्तर दिसला होता.

मी उठून बसलो. कोट खुंटीवरून काढला आणि आईनं तो घडी करून पेटीत टाकला. बाबांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गेलो?"

"गेला, बाबा."

"बरा झाला."

बाई पंच्याची गाठ सोडता सोडता बोलत होत्या. त्यांनी काही व्याख्यान दिलं नाही. एकेक गोष्ट करत गेल्या आणि आमच्याकडून करून घेत गेल्या. वर्तमानपत्रं मी फाडली. चष्मा आईनं पदरानं पुसून बाबांच्या नाकावर बसवला. कवळी बसल्यावर बाबांचा चेहरा परत बाबांसारखा झाला. बांधू नका म्हणाल्या, बांधलेला माणूस आणखी झुंजतो, जवळ बसा. खाटेखाली भांडं ठेवा, म्हणजे चौकात जायला नको. घोटघोट पाणी, पेज, सरबत, विचारायचं नाही, हातात पेला द्यायचा. सल्फाच्या गोळ्या दिल्या, त्यांनाही भरपूर पाणी लागतं म्हणाल्या.

"आणि तुम्ही," माझ्याकडे वळून, "त्यांच्या परीक्षा घेता म्हणे. मावशी सांगत होत्या."

"स्मरणशक्ती तपासत होतो."

"माणूस बुडत असताना त्याला पाढे म्हणायला लावता का? 'मी कोण' विचारू नका. 'मी तुमचा मुलगा, सकाळ झालीय, हा चहा' असं सांगा. साचा म्हणाले तर साचा नाही म्हणून वाद घालू नका. आहे म्हणून खोटंही बोलू नका. ते घाबरलेत का ते बघा, आणि म्हणा, मी आहे इथं. यांना वेळ कशानं कळायची, घड्याळानं?"

"घड्याळ कसला," आई म्हणाली, "भोंगो."

"तो तर बंद. मग दुसरं काहीतरी करा. सकाळ सकाळसारखी वाटू द्या आणि रात्र रात्रीसारखी."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. मी ते फार मनावर घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या दाराशी नवी रीत सुरू झाली. भेटायला येणाऱ्यानं एकेकट्यानं यायचं आणि आधी स्वतःची ओळख सांगायची. आई दारात बसूनच ते वदवून घेई. चाळीला ते जड गेलं. जन्मभर ज्यांच्या खोलीत न सांगता शिरायचं, तिथं उभं राहून आपण कोण हे काय सांगायचं? मावशी आली, पदर सावरला आणि शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "मी समोरच्या खोलीतली. तुमची किसणी माझ्याकडे आहे, ती."

"मगे हाड ती परत," बाबा म्हणाले.

गॅलरीत केवढा हशा पिकला. मावशी किसणी घेऊन आली. तिनं पांघरुणाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मी बाबांशेजारी बसू लागलो. परीक्षा बंद झाल्यामुळे मला काही कामच उरलं नव्हतं, म्हणून मी बघू लागलो. संध्याकाळी त्यांची बोटं पांघरुणावर सुरू झाली की मला नवल वाटे, हे नक्की काय करतात? दोन्ही हातांची चिमूट, एक पीळ, एक झटका आणि ओठांशी नेऊन चाटल्यासारखं. मी विचारलं नाही. नुसतं तसंच करून पाहिलं. बाबांनी माझा हात धरला. "तशी न्हय. अंगठो खाली." आणि त्यांनी माझ्या बोटांना तुटलेल्या धाग्याची गाठ शिकवली. धागा नव्हताच, तरी गाठ बसली की नाही ते त्यांना कळायचं. माझी बसायची नाही.

गंमत अशी की गिरणीकामगारांच्या हक्कासाठी मी कर्णा फुटेस्तोवर ओरडलो होतो, पण साळखात्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाबांनी घरी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आता त्यांच्या भ्रमात मला सगळं दिसत होतं. साच्यांच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओठ वाचायचे, म्हणून ते माझ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत. दमट हवा, अंगाला चिकटलेला कापूस. मधूनच ते माझ्या खांद्यावरून काहीतरी झटकायचे. आईसाठी तो आजार होता. मला वाटायचं, बाबा रोज कामावर जाऊन येतायत आणि मला पहिल्यांदा बरोबर नेतायत. कुठं असतात हे, आणि तिथून परत कसे येतात, याचंच मला कुतूहल.

घाबरले की मात्र मी म्हणे, "मी आहे बाबा." तेवढ्यानं बरेचदा भागे. नाही भागलं तर आई येऊन पेज पाजे.

पण काका बधले नव्हते. "बाई औषध देतात, देऊ दे. भोंगा झाला की मी निघणार." आणि बाहेर कुजबुज होती की हरताळ आता उठेल.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. बाबा भोंग्याअभावी बिघडले, तर भोंगा दिला की सुधारतील. आणि ते खरा भोंगा वाजायच्या आत सुधारले, तर ठाणं टळेल. किती सरळ हिशेब! चाळीच्या गणपतीचा शंख माळ्यावर असायचा, तो मिळवला. माझा कर्णा होताच. शंखाचं तोंड कर्ण्यात ठेवून फुंकलं, तर काय आवाज निघेल हे मलाही माहीत नव्हतं. सराव करायची सोय नव्हती.

उजाडता उजाडता मी गच्चीवर गेलो, कर्णा कठड्यावर टेकवला, छाती भरून घेतली आणि फुंकला. पहिल्यांदा बैल हंबरला. मग सूर सापडला. हूऽऽऽ करून असा लांबलचक आवाज निघाला की मलाच अभिमान वाटला. डोळे मिटून मी आणखी ताणला.

डोळे उघडले तेव्हा चाळ उभी होती. बायकांनी स्टोव्हला पंप मारायला घेतला होता. पुरुष सदऱ्यात हात घालत जिन्यावर. आणि मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. "अरे, भोंगा कसा? हरताळ फुटला!"

"कुणी फोडला?"

"गद्दारी! गद्दारी झाली!"

पलीकडच्या चाळीत गलका, त्याच्या पलीकडे आणखी. खाली चौकात माणसं जमली, आणि एकानं वर बोट केलं. गच्चीवर मी. एका हातात गणपतीचा शंख, दुसऱ्या हातात चळवळीचा कर्णा.

आमच्या विभागाचे पुढारी, ज्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणत, धापा टाकत वर आले. मागे पंधरावीस जण.

"कुणाच्या सांगण्यावरून वाजवलास?"

"डॉक्टरांच्या."

"कुठल्या पक्षाचे?"

"पक्ष नाही हो, त्या काळाचौकीच्या."

"शेटचा माणूस येऊन भेटला होता काय रे तुला?"

"भाऊ, आमच्या बाबांना सकाळ झालेली कळत नाही, म्हणून…"

"तुझ्या बाबांना सकाळ कळावी म्हणून तू अख्ख्या गिरणगावाला कामावर बोलावलंस?"

मी नुसता शंख पुढे केला. तेवढ्यात जिन्यातून आई आली. तिचा चेहरा बघून सगळे बाजूला झाले. मला वाटलं, बाबांचं काही बरंवाईट झालं. पण ती हसत होती, आणि हसता हसता रडत होती.

"ते उठान बसले," ती म्हणाली. "आणि माका म्हणतत, ह्यो आमच्या गिरणीचो भोंगो न्हय. कोणतरी गाढव शंख फुकता."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझे बाबा एकदम शुद्धीवर आहेत," ते म्हणाले, आणि मोर्चा खाली वळला. कर्णा मात्र त्यांनी जप्त केला. पुढे महिनाभर मला फक्त भित्तिपत्रकं चिकटवायची खळ ढवळायचं काम होतं.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. पण बाईंनी चढउतार म्हटलं होतं, आणि त्याच संध्याकाळी बाबा पुन्हा साळखात्यात गेले. काका म्हणाले, "बघ. एक वाक्य नीट बोलला म्हणजे झालं नाही." बाई येऊन गेल्या, ताप उतरतोय म्हणाल्या, भांड्यातली लघवी बघून मान डोलावली आणि जाताना काकांना म्हणाल्या, "तुमचा भाऊ रोज थोडा जास्त वेळ घरी असतो, ते मोजा. बाहेर किती वेळ असतो, ते नका मोजू." त्या संध्याकाळी पेजेची वाटी त्यांनी आईच्या हातून घेतली. खाटेशी बसून घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सख्ख्या भावाला ओळख दिली. "दादा, मी तुझा धाकटा." बाबांनी तोंड उघडलं. काकांची पहिली दोन चमचे पेज बाबांच्या सदऱ्यावर गेली.

मग हरताळ उठला.

सकाळी खरा भोंगा झाला. मी जागाच होतो. तो आवाज भिंतींमधून आल्यासारखा वाटला, आणि माझ्या शंखाची मला लाज वाटली. आई चुलीपाशी होती, ती वळली नाही. काका उठले. पेटी उघडली. माझा पायजमा काढून धोतर नेसले, कोट झटकला, गळ्यापर्यंत बटणं लावली. सांगितलं होतं तसं ते करणार होते. हात मात्र शेवटच्या बटणाशी बराच वेळ घोटाळत राहिले.

बाबांनी डोळे उघडले. चाचपून चष्मा लावला. कान देऊन भोंगा संपेपर्यंत ऐकला.

"उशिरा दिल्यान आज," ते म्हणाले. "बॉयलरवालो झोपलो असतलो."

मग त्यांची नजर काळ्या कोटावर गेली. आईच्या हातातला चिमटा थांबला. बाबा कोटाच्या खालपासून वर बघत गेले. पायापासून, बटणांवरून, गळ्यापर्यंत, आणि शेवटी त्यांना वर डोकं सापडलं.

"तू रे? खंय चललंस सकाळी सकाळी कोट घालून?"

"ठाण्याला," काका कसेबसे म्हणाले.

"ठाण्याक? कित्याक? कोण खुळावलो?"

आईनं चिमट्यानंच माझ्याकडे दाखवलं.

बाबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अगदी चाळीच्या रीतीनं, आजाऱ्याकडे बघतात तसं. आणि काकांना म्हणाले, "चाय घेवन जा. ह्याका काय, दुपारच्या गाडयेन न्हेलंस तरी चलात."

काका कोट न काढताच खाली बसले. चहा पिताना त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं, पण खांदे हलत होते. हसत होते की काय, ते मला मागून कळलं नाही.